लाकडाचे डांबर आणि खांबाखालचा दगड



उच्च प्राथमिक वर्गांना सामान्य विज्ञान व कार्यानुभव यांच्या जोडीने शिकविता येईल असा एक पाठ येथे सुचविला आहे. पाठाचा विषय उत्तर युरोपातील पाइन वृक्षाच्या डांबराचा आहे. इतक्या दूरची वस्तू आपल्या मुलांपुढे कशासाठी ठेवावयाची, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर म्हणून प्रथम एक प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या शाळेस भेट देण्याचा योग आला. शाळेच्या पडवीस लाकडी खांब होते व त्यांस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काळे डांबर फासण्याची प्रथा होती. खांब कसे तुळतुळीत दिसत. मागील दोन्ही भेटींत मी शेरेबुकात ‘लाकूडकाम सुस्थितीत’ असे स्वहस्ते लिहिले होते. या खेपेस भूमितीचा तास चालू असताना सातवीतील एका मुलाने सहज चाळा म्हणून कर्कटकाचे टोक खांबाच्या बुडाशी रोवले, तो ते बोटभर आत गेले. आतील लाकूड भिजल्या भाकरीसारखे झाले होते. त्याच पडवीत पहिलीची मुले बसत असत. त्याच दिवशी मुले तेथून हलविली व छपरास टेकू दिले. परंतु माझ्या शेऱ्याची मला आजही लाज वाटते.

डांबर म्हणजे काय?

पाठाचा आरंभ शब्दापासून करावा. मुलांना विचारावे : “डांबर तुम्ही कोठे पाहिले?” रस्त्यावर, असे उत्तर सर्वप्रथम येईल. कोणी कपाटातील डांबराच्या गोळ्याही सांगेल. येथे शिक्षकाने स्पष्ट करावे की, या एकाच नावाखाली तीन निरनिराळे पदार्थ वावरतात. रस्त्याचे डांबर खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरते. दुसरे दगडी कोळसा हवाबंद तापविल्याने मिळते. कपड्यांतील गोळ्यांचे नॅप्थॅलिन प्रथम त्यातूनच काढीत, म्हणून त्या ‘डांबरगोळ्या’ झाल्या. तिसरे खुद्द लाकडापासून निघते. आपला पाठ या तिसऱ्याचा आहे. लाकडातूनच काढलेला रस लाकडाचे रक्षण करतो, ही गोष्ट मुलांना नवलाची वाटेल.

डांबर काढण्याची रीत

फिनलंड व स्वीडन या देशांत पाइनची विस्तीर्ण अरण्ये आहेत. आपल्या हिमालयातील चीड हा याच वंशातील वृक्ष होय. पाइनला जखम झाली की तो ती राळेने भरून काढतो. तेथील शेतकऱ्यांनी हा गुण ओळखला होता. झाड उभे असतानाच ते त्याची साल खालून वर, वर्षागणिक थोडी थोडी सोलीत. मात्र झाड मरू नये म्हणून सालीची एक पट्टी शाबूत ठेवीत. तीनचार वर्षांत खोड राळेने माखून निघे, तेव्हा ते तोडून त्याच्या फाका करीत.

पुढे उतारावर नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा खणून त्याच्या तळास लाकडी पन्हळ बसवीत. फाका मध्याकडे उतरत्या रचून वर गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळे झाकीत व कडेने आग लावीत. आगीस पुरेशी हवा मिळाली तर लाकूड जळून राख होते; हवा कोंडली तर ते न जळता तापते व त्यातून वायू, पाणी आणि दाट काळपट रस सुटतो. या क्रियेस शुष्क ऊर्ध्वपातन म्हणतात. मोठी भट्टी आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ धुमसे. रात्रंदिवस पहारा ठेवून, जेथे ज्वाला डोकावेल तेथे माती लोटावी लागे. एका रात्रीची डुलकी म्हणजे चार वर्षांच्या श्रमाची राख!

समुद्रावरील सत्ता व डांबराची पिंपे

लाकडी गलबतांच्या काळात या रसावाचून कोणत्याही नौदलाचे चालत नसे. जहाजांचे दोरखंड त्यात भिजवीत, फळ्यांवर ते फाशीत. 1648 साली स्वीडनच्या राजसत्तेने डांबराच्या निर्यातीचा मक्ता एका कंपनीस दिला. स्टॉकहोम बंदराच्या नावावरून ‘स्टॉकहोम टार’ हे नाव रूढ झाले. घोड्यांच्या खुरांस लावण्यासाठी ते आजही त्याच नावाने विकले जाते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली व 1817 साली पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. अशा नौकांच्या डोलकाठ्या ताणून धरणारे तागाचे दोर डांबरात मुरविलेले असत.

फिनलंडच्या अंतर्भागातील पिंपे लांब, अरुंद होड्यांतून नदीच्या खळाळातून ओउलू बंदरास जात. या होड्यांसाठी कायानी येथे 1846 साली धबधब्यास वळसा घालणारा कालवा बांधण्यात आला. डांबराचे महत्त्व शत्रूसही ठाऊक होते. क्रिमियाच्या युद्धात, 1854 साली, ब्रिटिश आरमाराने ओउलू व राआहे येथील डांबराचे साठे जाळून टाकले. पुढे लोखंडी जहाजे व तारेचे दोर आले आणि हा व्यापार ओसरला.

डांबर काय करते, काय करीत नाही

पाठाचा गाभा येथे आहे. लाकूड कुजविणारी बुरशी ही सजीव आहे. तिला पाणी व हवा हवी. लाकडातील ओलावा सुमारे 20 टक्क्यांच्या आत राहिला तर ती वाढू शकत नाही. पाइनच्या डांबरातील राळ पाण्यास अटकाव करते व त्यातील काही द्रव्ये बुरशीस काही प्रमाणात रोखतात. मात्र डांबर पाण्यास आत येऊ देत नाही, तसेच आत कोंडलेले पाणी बाहेर पडण्यासही ते आडकाठी करते. म्हणून जुने जाणते लोक उन्हात चांगल्या वाळलेल्या लाकडासच, कोमट करून, पातळ हाताने डांबर लावीत व काही वर्षांनी ते पुन्हा लावीत.

नॉर्वेतील लाकडी प्रार्थनामंदिरे याची साक्ष देतात. अशी मध्ययुगीन मंदिरे आज 28 उरली आहेत. त्यांपैकी बोरगुंड येथील मंदिर सुमारे 1180 सालचे, म्हणजे आठशेहून अधिक वर्षांचे आहे. पिढ्यानुपिढ्या डांबर लावल्याने ते काळेभोर दिसते. परंतु केवळ डांबरामुळे ते टिकले काय? त्याही पूर्वीच्या मंदिरांचे खांब सरळ जमिनीत पुरीत असत. ती मंदिरे कुजून नाहीशी झाली व खांबांचे खड्डे तेवढे उत्खननात सापडतात. पुढील कारागिरांनी दगडी पायावर आडव्या तुळया टाकून त्यांवर खांब उभे केले. लाकडाचे पाय कोरडे झाले, तेव्हा कोठे डांबराच्या कष्टाचे चीज झाले.

हे वाचताना आपल्या वाड्यांतील तळखडा कोणास आठवणार नाही? खांबाखाली घडीव दगड बसविणारा आपला सुतार व तो नॉर्वेचा कारागीर यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पण पाण्याने दोघांनाही एकच धडा दिला. आरंभी सांगितलेल्या शाळेतही तळखडे होतेच. कधीतरी जमीन उंच करताना ते सिमेंटखाली गाडले गेले, खांबांची बुडे सिमेंटच्या खळग्यात अडकली व पडवी धुतल्याचे पाणी तेथे मुरू लागले. वर आम्ही दरवर्षी डांबर फाशीत राहिलो. ते कोळशाचे होते की पाइनचे, याने काही फरक पडला नसता.

वर्गात करावयाच्या कृती

1. शिक्षकांनी स्वतः कठीण काचेच्या परीक्षानळीत लाकडाचा भुसा घेऊन, वायू बाहेर जाण्यास वाट ठेवून, मोकळ्या हवेत तापवून दाखवावा. नळीच्या थंड भागावर जमणारा तपकिरी चिकट रस मुलांनी पाहावा. नळीचे तोंड कोणाकडेही नसावे.

2. एकाच फळीचे सारखे दोन तुकडे घ्यावेत. एकास जवसाचे तेल लावून काही दिवस वाळू द्यावे. दोन्ही तोलून एक दिवस पाण्यात बुडवावेत व पुन्हा तोलावेत. वजनातील फरक मुलांनी वहीत मांडावा.

3. शाळेतील प्रत्येक दार, चौकट व खांब यांच्या बुडाशी पाणी साचते काय, याची नोंद पावसाळ्यात मुलांकडून करवून घ्यावी. टोचून पाहण्याचे काम शिक्षकांनी करावे.

सावधगिरी

दगडी कोळशाच्या डांबरात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. मुले जेथे हात लावतात त्या बाकांस व खांबांस ते लावू नये. लाकडाचे डांबरही त्वचेस झोंबते व तापविताना पेट घेऊ शकते. कोकणात होड्यांस लावतात ते काजूच्या टरफलाचे तेल कातडी भाजते, म्हणून तेही मुलांच्या हाती देऊ नये. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून टाकल्यास आपोआप तापून पेटते; ती पसरून वाळवावी. वाळवीच्या बंदोबस्तासाठी पाइनच्या डांबरावर विसंबू नये.

स्वाध्याय

(अ) भट्टी मातीने का झाकीत? (आ) ओल्या लाकडास डांबर लावल्यास काय होईल? (इ) घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा : नांगर, बैलगाडी अथवा होडी यांचे लाकूड टिकविण्यासाठी पूर्वी काय करीत?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावीत. पुष्कळ गावांतून असे ज्ञान सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

त्या शाळेच्या पडवीचे खांब पुढे बदलण्यात आले. नव्या खांबांखाली जुनेच तळखडे, सिमेंट फोडून काढून, पुन्हा बसविले. शाळाभेटीस जाताना मी आता पिशवीत एक दाभण बाळगतो आणि शेरा लिहिण्यापूर्वी खांबाच्या बुडाशी वाकून पाहतो. शिक्षकबंधुभगिनींनीही आपापल्या शाळेत या पावसाळ्यापूर्वी तसे पाहावे, अशी विनंती आहे.