मुलांचें मन पाहण्याचें शिक्षण

रोग्याची नाडी पाहण्यापूर्वीं डॉक्टरांस कित्येक वर्षें अभ्यास करावा लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जें मूल रात्रीं दचकून उठतें, शाळेची वेळ झाली कीं पोट दुखतें म्हणून रडतें, किंवा एकाएकीं कोणाशींच बोलेनासें होतें, त्याच्या मनावर उपचार करणाऱ्यासही असेंच शिकावें लागतें. त्या शिक्षणाची थोडीशी हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें सांगतों.

लंडन येथें १९४७ सालीं ॲना फ्रॉइड यांनीं असा एक अभ्यासक्रम सुरू केला. या बाई पूर्वीं व्हिएन्ना येथें शाळेंत शिकवीत असत, याचें आम्हां शिक्षकांस विशेष वाटतें. पुढच्याच वर्षीं, डॉ. जॉन बोल्बी यांच्या पुढाकारानें, त्याच शहरांतील टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्यें एस्थर बिक शिकवूं लागल्या. त्यांची पद्धत मोठी विलक्षण. विद्यार्थ्यानें एखाद्या कुटुंबाच्या संमतीनें नवजात बालकाच्या घरीं आठवड्यांतून एक तास जावें व केवळ पाहावें. असें सुमारें दोन वर्षें! मूल कसें रडतें, आईच्या कुशींत कसें निवतें, ती उठून गेली म्हणजे नजर कोठें वळवितें, हें न्याहाळावें. कागदपेन्सिल हातीं घ्यावयाची नाहीं. सल्लाही द्यावयाचा नाहीं. मागाहून आठवून सर्व लिहावयाचें, व तें टिपण सहाध्यायांच्या लहानशा मंडळींत वाचून त्यावर चर्चा करावयाची.

नुसतें पाहण्यास दोन वर्षें कशाला, असें कोणी विचारील. आमच्या मतें हेंच सर्वांत कठीण आहे. मूल रडूं लागलें कीं आपण तत्काळ कारण ठरवून मोकळे होतों: भूक असेल, हट्ट असेल, खोड असेल. (शिक्षक तर यांत पटाईत!) ही घाई त्या विद्यार्थ्यास सोडावी लागते. शिवाय स्वतःच्या मनांतील भीति व राग ओळखतां यावा म्हणून त्याला स्वतःचेंही मनोविश्लेषण करून घ्यावें लागतें.

त्यानंतर अनुभवी गुरूच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष उपचार. आज ब्रिटनमध्यें पूर्वतयारीनंतरचा हा मुख्य भाग सामान्यतः चार वर्षांचा असतो. लहान मुलास आपलें दुःख शब्दांत मांडतां येत नाहीं. म्हणून पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक मुलासाठीं बाहुल्या, प्राणी व रंग यांची निराळी पेटी ठेवितात. ती दुसऱ्या कोणास देत नाहींत. आईबापांचीही वेळोवेळीं भेट घेतात. परंतु मूल खोलींत काय बोललें तें त्यांस सहसा सांगत नाहींत. त्याच्या जिवास धोका असेल, तर मात्र गोष्ट निराळी.