ठेव, जोखीम आणि पक्षभेद

निपाणीच्या पेठेत तंबाखूचा व्यापार करणाऱ्यास जोखीम म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. वखारीत माल भरून ठेवावा आणि भाव उतरावा, हा अनुभव प्रत्येक पिढीने घेतला आहे. परंतु ती जोखीम व्यापारी स्वतःच्या भांडवलावर घेतो. नफा त्याचा आणि तोटाही त्याचाच. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या पैशावर अशी जोखीम घ्यावी काय, आणि कोणी घेतलीच तर तीस आवर कोणी घालावा, हा प्रश्न वेगळा आहे. बँकांच्या नियमनावरून राजकीय पक्षांत जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. व्यापारी या नात्याने व श्रावक या नात्यानेही त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या आचारशास्त्राने या प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहार हा एक आहे. न्यास म्हणजे ठेव. ठेवणारा आपली रक्कम विसरून कमी मागू लागला असता, ‘होय, तेवढीच होती’ असे म्हणून ती देणे, हाही टीकाकारांनी दोषच मानला आहे. जेथे विसराळूपणाचा लाभ घेणे वर्ज्य, तेथे ठेवीदाराच्या नकळत त्याची रक्कम सट्ट्यात घालणे कसे क्षम्य ठरेल?

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या आठव्या कलमाने बँकांस मालाची खरेदी-विक्री करण्यास मनाई केली आहे. तंबाखू वा गूळ तारण घेऊन बँक कर्ज देऊ शकते. परंतु तेजी-मंदी साधण्यासाठी स्वतः पोती विकत घेऊ शकत नाही. १ मार्च १९६६ पासून या कायद्याची बरीच कलमे सहकारी बँकांसही लागू झाली. तथापि मालाचे दार बंद झाले तरी रोख्यांचे दार उघडे राहिले, आणि अनर्थ त्या दाराने आला.

पुणे-बेंगळूर रस्त्यावर आपल्यापासून फार दूर नसलेल्या कराडचे नाव १९९२ च्या रोखे घोटाळ्यात देशभर गाजले. बँक ऑफ कराडने रोखे हाती नसताना रोख्यांच्या पावत्या दिल्या होत्या. ती बँक बुडाली व १९९४ साली बँक ऑफ इंडियात विलीन झाली. २००१ साली अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर दलालांस दिलेल्या कर्जांपायी कोसळली. तीत ज्या इतर नागरी सहकारी बँकांनी ठेवी ठेवल्या होत्या त्याही संकटात सापडल्या. २००२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोख्यांसाठी दलालांस दिलेले सुमारे दीडशे कोटी रुपये अडकले. त्या खटल्याचा निकाल लागण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. त्यात बँकेचे तत्कालीन अध्यक्ष, जे पुढे राज्याचे मंत्री झाले, त्यांस पाच वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी त्याविरुद्ध अपील केले.

इतके घडूनही नियमन एकमुखी का होत नाही? कारण अंकुश कोणाच्या हाती असावा यावर पक्षांचे एकमत होत नाही. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९३३ साली ठेवींच्या बँका व रोख्यांच्या पेढ्या यांची फारकत झाली. १९९९ साली रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने व डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी मिळून ती बव्हंशी रद्द केली. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २०१० साली, बँकांनी स्वतःच्या नफ्यासाठी रोख्यांची उलाढाल करू नये असा व्होल्कर नियम आला. सिनेटमध्ये तो कायदा ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाला तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या केवळ तीन सभासदांनी अनुकूल मत दिले. पुढे २०१८ साली लहान बँकांस त्या नियमातून सूट मिळाली.

आपल्याकडे कलह आणखी गुंतागुंतीचा आहे. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. संचालकांत निरनिराळ्या पक्षांचे पुढारी होते. तरीही सत्तेतील दोन मित्रपक्षांत त्यावरून उघड कुरबूर झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले व ठेवीदारांस प्रारंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. त्यानंतर २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. सत्तारूढ पक्षाने त्यास ठेवीदारांचे रक्षण म्हटले; विरोधकांनी राज्यांच्या अधिकारांवरील आक्रमण म्हटले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु सत्तेबाहेर असताना चौकशीची मागणी करणारे संचालकपदी बसले की स्वायत्ततेचा उद्घोष करतात, हेही तितकेच खरे.

सीमाभागातील आम्हां व्यापाऱ्यांस याची झळ अधिक लागते. आपली उधारी-वसुली बेळगाव, निपाणी, कोल्हापूर व सांगली अशा दोन्ही राज्यांतील पेठांत चालते. केवळ कर्नाटकात काम करणारी सहकारी बँक बंगळूरच्या निबंधकांकडे पाहते, महाराष्ट्रातील बँक पुण्याच्या सहकार आयुक्तांकडे, आणि दोन्ही राज्यांत कार्यक्षेत्र असलेली बँक २००२ च्या बहुराज्य कायद्यानुसार दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. या सर्वांवर रिझर्व्ह बँक आहेच. इतके पहारेकरी असता चोरी झाली म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या पाळीकडे बोट दाखवितो.

म्हणून सभासदांनी स्वतःचे कर्तव्य ओळखावे. वार्षिक सभेस केवळ अल्पोपाहारासाठी जाऊ नये. अहवाल वाचावा, एकाच घराण्यास वा एकाच धंद्यास किती कर्ज दिले, रोखे कोणाच्या ताब्यात आहेत, थकबाकी किती, हे विचारावे. उत्तर टाळले गेल्यास ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. १९६२ साली १,५०० रुपयांपासून सुरू झालेली ठेव-विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख रुपये झाली. तीत मुद्दल व व्याज दोन्ही येतात, आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरल्या जातात, हे घरातील वृद्धांस व भगिनींस समजावून सांगावे. संचालक निवडताना तो कोणत्या पक्षाचा हे न पाहता, दुसऱ्याची ठेव तो आपल्या घरी कशी सांभाळील ते पाहावे.

आमच्यापैकी पुष्कळांचे आप्त अशा मंडळांवर आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. प्रश्न विचारणे हा त्यांचा अवमान नव्हे. ज्याचा हिशेब चोख असतो, तो वही पुढे करण्यास कचरत नाही. आपल्या पेढ्यांवर वाडवडिलांनी ही रीत पाळली. ती बँकेच्या सभागृहातही पाळली जावी, इतकीच आमची विनंती आहे.