शिट्टी होत नाही तेव्हा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, स्वयंपाकात सगळ्यात जास्त गरज कशाची, असं खान्देशातल्या कुणालाही विचारा. पुरणाच्या डाळीच्या पाण्याची, असंच उत्तर येईल. खापरावरचे मांडे आणि आमरस असतातच, पण ताटात रस्सी नसेल तर जेवण पुरं होत नाही. रस्सी होते ती हरभऱ्याची डाळ शिजवून काढलेल्या पाण्याची. म्हणून कुकरला डाळ लावताना हात सढळ होतो. डाळ भरपूर, वर पाणी भरपूर, कुकर काठोकाठ. धुळ्याला माझ्या माहेरी वहिनीच्या हातावर गरम डाळ उडाली, त्याची सुरुवात या काठोकाठ भरण्यातून झाली.

त्या दिवशी घरात आम्ही सगळ्या लेकी आलेल्या. बोअरचं पाणी जड, डाळ लवकर शिजत नाही म्हणून चिमूटभर खायचा सोडाही पडला होता. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. वाफच धरली नसेल, असं समजून गॅस मोठा केला गेला. मग जळका वास आला, गॅस बंद झाला आणि डाळ लागली की काय हे बघायला वहिनीने झाकणाची मूठ फिरवली. मूठ हलेना. तिने लाटण्याने ठोकली. झाकण उडून कडप्प्यावर आपटलं, डाळ छतापर्यंत गेली आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

शेजारच्या मावशी "काय व्हयनं वं माय?" म्हणत टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. माया खरी होती, पण भाजलेल्या जागी टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ, यातलं काहीच लावायचं नसतं. नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली हात वीस मिनिटं धरायचा. बांगड्या, पाटल्या, अंगठी आधी काढायची, कारण थोड्याच वेळात हात सुजतो आणि मग त्या कापाव्या लागतात. फोड फोडायचे नाहीत. वर स्वच्छ सुती कापड सैल ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. वहिनीचा हात बरा झाला. बांगड्या वेळेत निघाल्या याबद्दल डॉक्टरांनीही समाधान दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कुकर दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे नेला. त्याने झाकण उजेडाकडे धरलं आणि शिट्टीखालची नळी मला दाखवली. पलीकडचा उजेड दिसतच नव्हता. हरभऱ्याचं सालपट आणि वाळलेला फेस आत घट्ट बसला होता. सोड्याने डाळ जास्त फेसाळते, काठोकाठ भरल्यावर तो फेस थेट नळीत चढतो. वाफेचा हमरस्ताच बंद, मग शिट्टी कुठून होणार?

मग त्याने सेफ्टी व्हॉल्व्ह काढला आणि मान हलवली. या व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणारा धातू असतो. पाणी आटलं किंवा नळी तुंबून आतली उष्णता फार वाढली, की तो वितळून वाफेला दुसरी वाट देतो. आमच्या कुकरला मात्र भलत्याच मापाचा, नकली व्हॉल्व्ह बसवलेला होता. कुठल्याशा दुकानात "बसला ना, मग चालेल" म्हणून बसवून दिलेला. खरा व्हॉल्व्ह चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो. इथे काटकसर करू नये, हे मी प्रत्येक घरात हात जोडून सांगते.

कुकरमध्ये केवढी ताकद असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. नेहमीच्या चालण्यातसुद्धा आत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोचा दाब आणि १२० अंशांच्या आसपास उष्णता असते. वीस सेंटीमीटर रुंदीच्या झाकणावर हा भार तीनशे किलोच्या घरात जातो. फ्रान्सच्या दनी पापँने १६७९ मध्ये अशा भांड्याचं पहिलं रूप बनवलं. भांडं फुटण्याचा धोका ओळखून पुढे त्यालाही दाब सोडणारी झडप बसवावी लागली. झडपेशिवाय हे भांडं घरात ठेवण्याजोगं नाहीच.

म्हणून मूठ जड लागली तर आत दाब आहे असंच समजावं आणि हात काढून घ्यावा. शिट्टी होत नसेल तर गॅस मोठा करू नये, बंद करावा आणि कुकर आपोआप पूर्ण गार होईपर्यंत लांब राहावं. मुलांना आधी बाहेर काढावं. काही कुकरचं झाकण आतल्या बाजूने बसतं, ते दाब उतरेपर्यंत उघडतच नाही. नवीन घेताना मी तेच सुचवते. आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघून घ्यावा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला ही खूण सक्तीची आहे. बाजारात तरीही बिनखुणेचे मिळतात, स्वस्त म्हणून लग्नात आहेरही केले जातात. असा आहेर करू नका.

डाळ, मग ती तूर असो की हरभरा की उडीद, पाण्यासकट अर्ध्या कुकरच्या वर नको.  डाळ आदल्या रात्री भिजत घातली तर सोड्याची गरजच पडत नाही. चमचाभर तेल टाकलं की फेस बसतो. ज्या कुकरची शिट्टी सुटी असते, तिथे आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्यावी, मगच शिट्टी ठेवावी. धार आली म्हणजे वाट मोकळी आहे, याची ती पक्की खूण. रबर कडक झालं, ताणलं गेलं की लगेच बदलावं आणि आपल्याच कंपनीचं, आपल्याच मापाचं घ्यावं. व्हॉल्व्ह वितळला तर एम-सीलने बुजवायचा नाही.

आखाजीच्या डाळीसाठी मात्र आता आमच्याकडे कुकर लागतच नाही. मोठ्या पातेल्यात, उघड्यावर, पळीने फेस काढत डाळ शिजते. वेळ जास्त लागतो, गॅसही जास्त जळतो, पण रस्सीला हवं तेवढं पाणी घालता येतं आणि डाळ बोटाने दाबून बघता येते. रोजच्या वरणाला कुकर हवाच. तो घासून पालथा घालण्याआधी झाकणाची नळी दिव्यासमोर धरा. पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसत नसेल तर बारीक तार घालून, फुंकर मारून ती मोकळी करा, आणि तोवर त्यात काहीही शिजायला लावू नका.