फरदड मोडा, बोंडअळीचा निवारा मोडेल

डिसेंबर सरत आला की कपाशीची शेवटची वेचणी उरकते. विहिरीला पाणी असले की मोह होतो : दोन पाणी द्यावे, थोडा युरिया टाकावा आणि फरदड घ्यावी. चार पैसे जास्त मिळतील असा हिशेब असतो. पण त्या हिरव्या शेतात कापसाआधी गुलाबी बोंडअळी पोसली जाते.

अळी का वाढली?

हिरवी बोंडअळी हरभरा, तूर, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. गुलाबी अळीचे तसे नाही. तिचे पोट जवळजवळ कपाशीवरच चालते. पूर्वी कोरडवाहू कपाशीची उलंगवाडी वेळेवर व्हायची. पुढचे पाच-सहा महिने शिवारात पाती, फुले, बोंडे काहीच नसायचे. अळी सरकीत, गळलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जायची आणि त्यातल्या बऱ्याच मरायच्या.

ओलीत आले, लांब कालावधीची वाणे आली आणि हा खंड बुजला. कुठे फरदड मार्च-एप्रिलपर्यंत, तर कुठे मे महिन्यातच लागवड. अळीला वर्षभर खाणे मिळू लागले. शिवाय झाड जुने होते तसे त्यातील बीटीचे विष कमी होत जाते. अशा झाडावर वाढलेल्या अळ्यांमध्ये प्रतिकारशक्ती बळावते. 2006 मध्ये आलेले बोलगार्ड-2 वाणही तिला पुढे रोखू शकले नाही आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्याने त्याची झळ सोसली.

आता काय करावे?

- पाणी व खत बंद करून पीक डिसेंबरअखेर संपवावे. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या बसवाव्यात. हिरवी बोंडे, पाती त्या खाऊन टाकतात.
- पऱ्हाटी मुळासकट उपटावी किंवा श्रेडरने बारीक करून कुजवावी. सरपणासाठी बांधावर गंजी लावू नये. त्यातल्या किडक्या बोंडांत अळी दडून राहते.
- घरात साठवलेला कवडी कापूस लवकर हलवावा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर फोडून पाहा. आत बहुधा गुलाबी अळी मिळेल. जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावेत.
- उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. कपाशीवर कपाशी टाळून ज्वारी, सोयाबीन किंवा तुरीचा फेर द्यावा.

पुढच्या हंगामाची तयारी

मे महिन्यात लागवड करू नये. जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावरच सरकी टोबावी. पाती लागण्याआधी कोषातून निघालेल्या पतंगांच्या पिलावळीला खायला काही मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. पाती लागताच हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग अडकले तर फवारणीचा निर्णय घ्यावा. पाकळ्या एकमेकींत गुंतून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल दिसले की ती डोमकळी समजावी. ती तोडून अळीसह नष्ट करावी, तिथेच खाली टाकू नये.

पतंग बांध ओळखत नाही. एकाने पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने फरदड राखली, तर दोघांचेही नुकसान ठरलेले. म्हणून गावाने एकत्र बसून उलंगवाडीची एकच तारीख ठरवावी आणि ती सगळ्यांनी पाळावी.