बसने चढा, पायी उतरा: स्पितीचा खरा खर्च

स्पितीला स्वतःची गाडी किंवा टेम्पो ट्रॅव्हलरशिवाय जमत नाही, असं तुम्हाला सांगणारा माणूस बहुतेक वेळा टेम्पो ट्रॅव्हलरवालाच असतो. जमतं. सरकारी बस काझापर्यंत, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावापर्यंत, जाते आणि तिथून पुढच्या बऱ्याच गावांनाही जाते. फक्त ती तुमच्या सोयीने धावत नाही, गावकऱ्यांच्या सोयीने धावते. एवढं लक्षात ठेवून बेत आखलात तर चंदीगड ते चंदीगड दहा-अकरा दिवस माणशी पंधरा-सोळा हजारांत होतात.

आधी बसभाडं. हिमाचलची एसटी म्हणजे एचआरटीसी. डोंगरी भागात तिच्या साध्या बसचा दर मे २०२५ मध्ये किलोमीटरला अडीच रुपये झाला. अंतर माहीत असलं की भाडं तुम्हीच काढू शकता. शिमला ते रेकाँग पिओ सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे पावणेसहाशेच्या आसपास. पिओ ते काझा दोनशे किलोमीटर, पाचशे रुपये. काझा ते किब्बर वीस किलोमीटर, पन्नास रुपये. काझा ते मुद पन्नास किलोमीटर, सव्वाशे. चंदीगड-शिमला आणि परतीचा काझा-मनाली-चंदीगड प्रवास धरून सगळा बसखर्च तीन हजारांच्या घरात बसतो. व्होल्वो घेतलीत तर हा हिशेब विसरा.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मडगावहून चंदीगडला थेट गोवा संपर्कक्रांती आहे. बाकीच्यांनी दिल्ली गाठून रात्रीची बस धरावी. तत्काळवर विसंबणार असाल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा.

जाताना किन्नौरकडून, म्हणजे शिमला-पिओमार्गे जा, येताना मनालीकडून या. उलटं करू नका. मनालीहून काझा एका दिवसात होतं, त्यामुळे तो मार्ग स्वस्त वाटतो. पण मनाली दोन हजार मीटरवर आणि काझा साडेतीन हजारांच्याही वर, मध्ये साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड. असं एका दिवसात वर चढलेली मंडळी पुढचे दोन दिवस डोकं धरून काझाच्या खोलीत पडलेली दिसतात. दोन रात्रींचं भाडं गेलं, दोन दिवस गेले, वाचलं काय? किन्नौरकडून येताना पिओत एक मुक्काम, पुढे काझाच्या वाटेवर ताबोत एक मुक्काम केला की शरीर सावकाश सरावतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स घ्यायची की नाही हे घरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

कागदपत्रं सोपी आहेत. भारतीय नागरिकाला स्पितीसाठी परवाना लागत नाही, आधार किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. अडतं ते परदेशातून आलेल्या नातेवाइकांचं. परदेशी पासपोर्टवाल्याला पिओ ते काझा रस्त्यावर इनर लाइन परमिट लागतं, ओसीआय कार्ड असलं तरी. ते शिमला, पिओ किंवा काझाच्या सरकारी कार्यालयात मिळतं. एजंटमार्फत काढलंत तर तो फॉर्म, फोटो आणि धावपळीचे वेगळे पैसे लावतो, तेव्हा आकडा आधी ठरवून घ्या. पिओत रविवारी पोचू नका, कार्यालय बंद म्हणजे एक मुक्काम वाढला.

पिओहून काझाची बस सकाळी लवकर सुटते आणि दिवसभर घेते. तिकीट खिडकीवर आदल्या संध्याकाळी जाऊन नक्की वेळ विचारा आणि सकाळी तासभर आधी उभे राहा. मोबाइलवर दिसणाऱ्या वेळापत्रकावर भरवसा ठेवू नका. सॅक टपावर टाकण्याआधी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. या रस्त्याची धूळ चेनमधूनही आत शिरते, आणि धुवायला तिथे बादलीभर पाणी मिळेलच असं नाही.

आता मुद्द्याचं. काझाहून आसपासच्या गावांना जाणारी बस दुपारनंतर किंवा संध्याकाळी निघते, रात्री गावातच थांबते आणि सकाळी काझाला परतते. गावकरी सकाळी बाजाराला, दवाखान्याला, कचेरीत येतात आणि संध्याकाळी घरी जातात. सुटायच्या वेळी काझाच्या स्टँडवर उभं राहून बघा: गॅसचा सिलिंडर, पिठाचं पोतं, कोणाचा तरी दुरुस्त होऊन आलेला टीव्ही. कंडक्टर आधी हे सगळं लावतो, मग माणसं. खिडकी हवी असेल तर तुम्ही त्या सामानाच्या आधी चढा.

म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत, हा बेत बसने बसत नाही. तो करायचा म्हणून लोक टॅक्सी करतात आणि दिवसाला दोन-तीन हजार घालवतात. त्यापेक्षा संध्याकाळच्या बसने वरच्या गावात जा, मुक्काम करा, सकाळी परतीची बस सोडून द्या आणि पायी उतरा. चढ इंजिनाने केला, उतार तुमच्या पायांनी. किब्बरहून की गोंपा हा मठ आणि तिथून स्पिती नदीच्या काठाने काझा, असे वीस किलोमीटर होतात. की गोंपापर्यंतचा वरचा टप्पा सुंदर आहे. खालचा बाराएक किलोमीटरचा डांबरी रस्ता कंटाळवाणा, तिथे मिळेल त्या गाडीला हात करा आणि बसण्याआधी पैसे विचारा. किब्बरला दोन रात्री काढल्यात तर मधल्या दिवशी चिचमच्या पुलापर्यंत जाऊन या.

पिन खोऱ्याचं तंत्र हेच. मुदपर्यंत बस, मुक्काम, मग नदीच्या बाजूने खाली, गावागावांतून. दमलात तर पुढच्या गावात राहा, दुसऱ्या दिवशी सकाळची बस तिथूनच जाते. धनकरला मात्र चढावंच लागतं. मुख्य रस्त्यावर सिचलिंगला उतरा, तिथून आठ किलोमीटर वर, दोन-अडीच तास. लांगझा, हिक्किम आणि कोमिक या तिन्ही गावांना रोज बस नाही. तिथे वर जायला टॅक्सी करा, पण फक्त एका बाजूची. कोमिकला सोडायला सांगा, हिक्किममार्गे लांगझाला चालत या, राहा, दुसऱ्या दिवशी काझाला उतरा. काझात टॅक्सी युनियनचा दरफलक आहे, त्याचा फोटो काढून ठेवा. थांबण्याचे पैसे वेगळे, हे त्यावर असतं आणि लोक वाचत नाहीत.

हे सगळं कोरड्या माळावरचं चालणं आहे. झाड नाही, सावली नाही, वाटेत पाण्याची खात्री नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या, सकाळी लवकर निघा. दुपारी खोऱ्यातून वारा सुटतो आणि तोंडात माती येते. थंडी वाजत असली तरी ऊन भाजतं, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका. लांगझाला पोरं शंखाच्या आकाराचे जीवाश्म विकायला आणतात, घेऊ नका. हिक्किमच्या पोस्टातून पत्र पाठवायची हौस असेल तर पन्नास पैशांची साधी कार्डं गावाकडूनच नेलेली बरी, तिथली चित्रांची कार्डं बरीच महाग पडतात.

राहण्याचं: काझात डॉर्मिटरीची खाट साधारण पाचशे रुपयांना, गावांत होमस्टे दोन वेळच्या जेवणासह माणशी हजार ते दीड हजार. जेवणात थुक्पा, डाळभात, कधी काळा वाटाणा. बहुतेक घरांत कोरडा संडास असतो, वापरल्यावर वरून माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. छुपा खर्च राहण्यातच आहे. एका गेस्टहाउसात मला गरम पाण्याच्या प्रत्येक बादलीचे पन्नास आणि जादा रजईचे शंभर बिलात निघाले. तेव्हापासून मी पिशवी खाली ठेवण्याआधी चार गोष्टी विचारतो: जेवण किती वेळा, चहा धरून की वेगळा, गरम पाणी, रजई. तुम्हीही विचारा. कोणी रागावत नाही.

रोख रक्कम घेऊनच चढा. एटीएम काझात आहे, पण रेंज गेली की तेही बंद आणि यूपीआयही बंद. वरच्या गावांत रोखच चालते, शंभर-दोनशेच्या नोटा ठेवा. तुमचं प्रीपेड सिम हिमाचलात चालतं, लडाखसारखी अडचण नाही, पण काझा सोडलं की कुठे लागेल ते सांगता येत नाही. घरी तसं सांगून ठेवा.

सप्टेंबर सगळ्यांत चांगला. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर टाळा. स्पितीत पाऊस कमी असला तरी किन्नौरमध्ये दरडी कोसळतात आणि बस अलीकडेच थांबते. कधीही गेलात तरी दोन मोकळे दिवस आणि तीन हजार रुपये वेगळे काढून ठेवा, आणि परतीच्या रेल्वेचं तिकीट त्या दोन दिवसांनंतरचं काढा.

मनालीची बस कुंझुमवरून उन्हाळ्यापुरतीच असते आणि काझाहून भल्या पहाटे निघते. ती भरली तर शेअर सुमो आहे, माणशी हजार ते दीड हजार. नाव आदल्या संध्याकाळी नोंदवा. मागच्या सीटचे पैसेही तेवढेच घेतात, म्हणून पैसे देण्याआधी मधली रांग मागा. कुंझुमपलीकडच्या बातलपासून पुढच्या रस्त्यावर तुमच्या कंबरेला फरक कळेल.