कडेवर भाऊ, दप्तर कोपऱ्यात

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. सहावीतल्या एका मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आजी थकलेली, म्हणून चार आणि दोन वर्षांच्या भावंडांना हीच सांभाळते. निम्मे दिवस गैरहजर असते. पालकांना खडसावू का?

उत्तर : खडसावू नका, बाई. कोयता घेऊन निघालेल्या आईला लेकराची काळजी नसते असं नाही. तिच्यापुढे दुसरी सोय नसते. तिच्याशी फोनवर बोला, आणि मुलीचं कौतुक करून सुरुवात करा.

चार वर्षांच्या भावाला उद्याच अंगणवाडीत घाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पूर्वप्राथमिक शिक्षण आणि ताजा आहार मिळतो. खरा पेच धाकट्याचा. सेविकाताई, आशाताई, शेजारची एखादी काकू यांना एकत्र बसवून शाळेच्या वेळेपुरती पाळी ठरवा. तोवर त्याला कडेवर घेऊन ती वर्गात आली तर येऊ द्या. परत पाठवू नका. पुढच्या हंगामासाठी शाळा व्यवस्थापन समितीत हंगामी वसतिगृहाचा विषय आतापासून काढा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा तिचा हक्क आहे.

'किती शहाणी पोर, दुसरी आईच!' हे मात्र तिच्यासमोर म्हणू नका. अशा शाबासकीने तिला दमल्याचं सांगायचीही चोरी होते. धाकटा तापला तर दोष आपलाच, असं या मुलींना वाटतं. तिला एकटीला विचारा, "तू कधी खेळतेस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.