आधी फाइल, मग टाइल

अगं, टाइल्सचे फोटो पाहिले. करडी मॅट छान आहे, बाथरूमला शोभेल. पण दुकानदाराला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी दोन गोष्टी नीट बोलू या. सासूबाई आसपास असतील तर गॅलरीत जा, कारण पहिली गोष्ट जरा नाजूक आहे.

तू आठ-दहा लाख खर्च करायला निघाली आहेस ते घर कुणाचं आहे?

चिडू नकोस. तुझा संसार तिथे आहे, हे मला ठाऊक आहे. मी कागदाचं विचारतेय. फ्लॅट तुझ्या सासऱ्यांनी घेतला, त्यांच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी सासूबाई. सासरे गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर सासूबाईंचं नाव चढवलं आणि घरात सगळ्यांना वाटलं, झालं काम. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी जी सुधारणा झाली तिच्यात तर स्पष्टच म्हटलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि फ्लॅट त्यांच्या कमाईचा. म्हणजे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे सासूबाई, तुझा नवरा, तुझे दीर आणि वन्सं, चौघांचा सारखा हक्क. तुझ्या नवऱ्याच्या वाट्याला पाव घर येतं. आणि तुझ्या पगारातून, मोडलेल्या एफडीतून तू नवं करणार आहेस अख्खं घर.

आज सगळ्यांचं गोडीगुलाबीचं आहे, म्हणून आजच बोलायचं. दीर न्यू जर्सीला, वन्सं नाशिकला, दोघांनाही त्या घरात राहायला यायचं नाही. त्यांनी राजीखुशीने हक्कसोडपत्र करून दिलं तर उत्तम. ते नोंदणीकृतच हवं, नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या सह्यांना अर्थ नाही. नात्यात विनामोबदला केलेल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क फारसं लागत नाही, पण कुणी कुणाच्या लाभात सोडायचं ते वकिलाकडून नीट लिहून घे. आणि समजा वन्सं म्हणाल्या, मला माझा वाटा हवा, तर तोंड वाकडं करू नकोस. तो त्यांचा अधिकारच आहे. मग वाट्याची रक्कम आणि तुम्ही केलेला खर्च कसा धरायचा, ते काम सुरू व्हायच्या आधी चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. घर लखलखीत झाल्यावर भाव वाढलेला दिसतो, आणि तेव्हा हा विषय काढणं फार जड जातं.

आता दुसरी गोष्ट, इमारतीची. तुमची बिल्डिंग १९९२-९३ची, म्हणजे तिशी ओलांडलेली. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरच्या कुठल्याही गल्लीत बघ, या वयाच्या इमारती एकेक करून रिडेव्हलपमेंटला जातायत. तुमच्या वार्षिक सभेतही विषय निघाला होता म्हणालीस. इमारत पाडताना बिल्डर जादा कार्पेट देतो, भाडं देतो, सामान हलवायचा खर्च देतो. तुझ्या मॉड्युलर किचनचा हिशेब कुणीही करत नाही. अर्थात सभेत विषय निघाला म्हणजे उद्या पोकलेन दारात उभा राहतो असंही नाही. २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि त्याच्या आधी नि नंतर कितीतरी पायऱ्या. चहा पिता पिता सेक्रेटरींना विचार: प्रकल्प सल्लागार नेमलाय का? फिजिबिलिटी रिपोर्ट आलाय का? जमिनीचं कन्व्हेअन्स झालंय का, निदान डीम्ड कन्व्हेअन्सचा अर्ज तरी केलाय का? तिन्हींना ‘हो’ आलं तर गळती थांबव, रंग दे आणि बाकी पैसे बँकेत राहू दे. तिन्हींना ‘नाही’ असेल तर अजून बरीच वर्षं त्याच घरात काढायची आहेत. मग खुशाल काम काढ. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्टही माग. आदर्श उपविधीत तीस वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी करायला सांगितलंय. स्लॅबचं लोखंड गंजून फुगलं असेल तर त्याच्याखाली फॉल्स सीलिंग लावून काय मिळवणार? तसंही नऊ फुटांच्या खोलीत फॉल्स सीलिंग मला आवडत नाही. डोक्यावर बसल्यासारखं वाटतं.

काम काढायचं ठरलंच, तर निम्म्याहून जास्त पैसे दिसणार नाहीत अशा ठिकाणी जाऊ देत. पहिलं बाथरूम. खालच्या काकूंच्या छताला ओल आहे ना? संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी गळती आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची सोसायटीने, असा उपविधींचा साधा नियम आहे. तेव्हा ते काम तुझंच. ठेकेदार म्हणेल, ‘ताई, जुन्या टाइलवर नवी चिकटवू, चार दिवसांत काम होईल.’ ऐकू नकोस. तीस वर्षांचे लोखंडी पाइप आतून गंजून अर्धे बुजलेत, म्हणून तर वरच्या शॉवरला धार येत नाही. ते तसेच आत राहणार. वर फरशीची उंची वाढून पाणी उंबऱ्यापर्यंत येणार, ते वेगळंच.

फोडायचं तर स्लॅबपर्यंत फोड. जुना कोबा काढायला लाव. नहाणी ट्रॅपच्या भोवती आणि भिंत-फरशी जिथे मिळते त्या कोपऱ्यांत वॉटरप्रूफिंग नीट झालंय का, स्वतः वाकून बघ, कारण गळतं ते तिथूनच. कोट भिंतीवरही चढवायचा, शॉवरच्या बाजूला चांगला उंच. मग ट्रॅपचं तोंड बंद करून तीन-चार इंच पाणी भरून ठेवायचं. पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण कर आणि पाणी दोन दिवस तसंच ठेव. मिस्त्री म्हणेल, गरज नाही, आपलं काम गॅरंटीचं आहे. म्हणू देत. तिसऱ्या दिवशी खाली काकूंकडे जाऊन छताला हात लावून ये. कोरडं असेल तरच टाइल. टाइल बसल्यावर, ग्राउट भरायच्या आधी, दाराशी तांब्याभर पाणी ओत. ते आपसूक ट्रॅपकडे वाहत गेलं पाहिजे. मध्येच डबकं साचलं तर त्या टाइल्स तेव्हाच उचलायला लाव, नंतर कुणी उचलत नाही.

आणखी एक. भिंतीतले नवे पाइप बुजवायच्या आधी त्यांचे फोटो काढ, शेजारी मेजरिंग टेप धरून. पुढे टॉवेल रॉड लावताना ड्रिल थेट पाइपात घुसल्याचं किती घरांत पाहिलंय! हा फोटो फुकटात वाचवतो.

वायरिंगही बदलून घे. त्या काळी घरात फ्रिज आणि फार तर एक गिझर होता. आता दोन एसी, वॉशिंग मशिन, इंडक्शन, मायक्रोवेव्ह. एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ओल्या हाताने शॉक बसला तर क्षणात वीज तोडते ती हीच. अर्थिंग तपासून घ्यायला विसरू नकोस. किचनमध्ये सिंकखालचं कपाट तरी आयएस ७१० शिक्क्याच्या वॉटरप्रूफ प्लायचं कर, बाकी कपाटांना साधा प्लाय चालतो.

गॅलरी आत घेऊन खोली मोठी करायची कल्पना मात्र सोडून दे. कॉलम-बीमला हात लावणं तर सोडाच. उद्या विकायची वेळ आली की गिऱ्हाइकाच्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन येतो आणि खोल्या मोजतो. नकाशात गॅलरी आणि जागेवर बेडरूम दिसली की कर्ज अडकतं.

रंग दिवाळीआधी नको. सगळं पुणं तेव्हाच रंगारी शोधत असतं, दर चढलेले असतात आणि भिंतींनी पावसाळ्याचं पाणी पिऊन नुकताच श्वास सोडलेला असतो. तीच ओल रंगाखाली दडपली जाते नि पुढच्या श्रावणात पोपडे येतात. जानेवारी ते मे कधीही दे.

बिलं जपून ठेव, जीएसटीची, पैसे बँकेतून दिलेले. घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात घराच्या कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च धरता येतो, रंगरंगोटीसारख्या डागडुजीचा नाही. २३ जुलै २०२४पासून घरावरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के कर आहे, पण त्याआधी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्यांना इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा जुना हिशेबही करता येतो. जो कमी येईल तो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर नफा जितका त्यात गुंतवला तितक्यावर कर सुटतो. दिरांचं नाव मात्र हिश्शात राहिलं तर त्यांच्या वाट्याच्या रकमेवर गिऱ्हाइकाला नेहमीचा १ टक्का नव्हे, बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. ते किचकट काम बघून कितीतरी गिऱ्हाइकं परत जातात.

भावाचं म्हणशील, तर वेबसाइटवर दिसतो तो मागितलेला भाव, झालेला नव्हे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर तुमच्या परिसरात खरोखर नोंदलेले व्यवहार बघायला मिळतात, इंडेक्स टूसकट. कागदावरचा आकडा कधी कधी कमी दाखवलेला असतो, हे धरून चाल. एजंट कार्पेट सांगतोय की बिल्टअप, हे मात्र पहिल्याच वाक्यात विचार. आणि विकताना सोसायटीने ‘बिल्डिंग फंड’ म्हणून लाख-दोन लाख मागितले तर हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार आहे, हे शांतपणे सांग.

पुढेमागे दुसरं घर घेतलंत तर तुझ्या एकटीच्या नावावर घ्यायचा विचार कर. महाराष्ट्रात फक्त स्त्रियांच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही तिची जाचक अटही २०२३मध्ये गेली. नवरा कुरकुर करेल, करू दे.

आता एवढं कर. कपाटातली फाइल काढ. सासऱ्यांचा मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, यातलं काय आहे आणि काय नाही ते मला कळव. दीर डिसेंबरमध्ये येतायत ना? त्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख आताच विचारून घे, वकिलाकडून मसुदा तयार ठेव आणि दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ घे. वन्संनाही नाशिकहून त्या दिवशी यायला सांग, जेवायला बोलाव.